भिंतीवरचा सातवा माणूस

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात, सभामंडपाच्या भिंतीवर, भजनी मंडळाचं एक मोठं चित्र आहे. आता त्यात सहा जण आहेत. पूर्वी सात होते. सातवा माणूस ढोलकी वाजवायचा, आणि तो तिथून गेला तो माझ्या सांगण्यावरून. मी चित्रकलेचा मास्तर, नागपूरला जाऊन शिकून आलेला, त्यामुळे गावाने माझा शब्द खाली पडू दिला नाही. पडू दिला असता तर बरं झालं असतं.

गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणीच्या अलीकडे. आमची शेती थोडी पण ओलिताची. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. वडील सकाळी भाजी घेऊन सेलूला जात आणि शनिवारी संध्याकाळी देवळात पेटी वाजवत. सूर बरा होता त्यांचा. पेटीचा भाता मात्र फाटका होता, त्यामुळे भजन रंगात आलं की पेटीला दम लागायचा आणि वडील तोंडाने आवाज काढून ती उणीव भरून काढायचे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देवळाला रंग द्यायचं ठरलं. पुलगावकडचा एक पेंटर आला. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा माणूस. पंचांनी त्याला सांगितलं, भिंतीवर देवाधर्माचं काहीतरी काढून दे. त्याने दोन शनिवार बसून भजन ऐकलं आणि म्हणाला, हेच काढतो. आपलीच तोंडं देवळाच्या भिंतीवर येणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? महिनाभर तो शाळेच्या एका खोलीत राहिला, पाळीपाळीने गावात जेवला आणि ऑइलपेंटमध्ये अख्खी भिंत भरून गेला. मी तेव्हा मॅट्रिक होऊन रिकामा बसलो होतो. दिवसभर त्याच्या मागे उभा राहायचो. चित्रकला शिकायची हे मी तिथेच, रॉकेलच्या वासात ठरवलं.

चित्रात डाव्या टोकाला माझे वडील, पेटीवर. मग एकतारीवाला, मग टाळकरी. मधोमध भजन सांगणारे बुवा, त्यांच्या बाजूला खंजिरीवाला आणि दुसरा टाळकरी. हे सहा जण एका ओळीत, मंडपाच्या फरशीवर मांडी घालून बसलेले. आणि उजव्या टोकाला, बरंच खाली, मधल्या पायरीवर एकटा बसलेला ढोलकीवाला.

कारण ते खरोखर तिथेच बसायचे. देवळाला तीन पायऱ्या होत्या. ढोलकीवाल्यांकडे पिढीजात चामड्याचं काम. ढोलकी तेच मढवायचे, तेच तापवायचे, तेच वाजवायचे, पण मधल्या पायरीच्या वर कधी चढले नाहीत. तसा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. कुणी त्यांना अडवल्याचं मला आठवत नाही, आणि कुणी वर या म्हटल्याचंही आठवत नाही. प्रसाद वाटणारा माणूस पायरीपर्यंत यायचा आणि त्यांच्या ओंजळीत वरून टाकायचा. आम्ही पोरं त्यांना अरेतुरे करायचो. वयाने ते माझ्या वडिलांएवढे होते. आज लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतो आहे. हा आदर फार उशिराचा आहे आणि त्याचा त्यांना काही उपयोग नाही.

नागपूरला मी शिकायला गेलो आणि दोन वर्षांत मला फार समजायला लागलं. रचना, तोल, लय, अवकाश हे शब्द मी जेवताना वापरू लागलो. परीक्षेत एखाद्या चित्राचं रसग्रहण लिहायचं होतं. सगळ्यांनी पुस्तकातली चित्रं घेतली, मी आमच्या देवळाची भिंत घेतली. लिहिलं की हा अशिक्षित चित्रकाराचा प्रामाणिक पण सदोष प्रयत्न आहे. सहा आकृतींची आडवी लय सुंदर जमली आहे. मात्र सातवी आकृती खाली घसरल्यामुळे चित्राचा तोल उजवीकडे ढासळतो. मधली मोकळी जागा निरर्थक आहे. आणखी एक दोष दाखवला. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, उजवीकडे वळलेली आहेत. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्याला हिरोचं तेवढं एकाच बाजूचं तोंड काढता येतं, असं मी मिश्कीलपणे लिहिलं. आमच्या सरांना ते वाक्य आवडलं. त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं आणि माझी छाती फुगली.

पुढे वर्ध्याला एका शाळेत नोकरी लागली. सिंदी मेघेला भाड्याची खोली घेतली. शनिवारी दुपारची एसटी धरून गावी यायचो. बरोबर एखादा मित्र असला की त्याला देवळात न्यायचो आणि भिंतीपुढे उभं करून तेच दोष पुन्हा दाखवायचो. ढोलकीवाले पायरीवर बसून ढोलकीच्या दोऱ्या ओढत असायचे. माझं व्याख्यान त्यांना ऐकू जायचं. एकदा त्यांनी हसून विचारलं होतं, "काऊन मास्तर, मी चांगला नाई निंगालो काय?"

मी म्हणालो, "तू चांगला निघालास, जागा चुकली."

ते नुसते मान डोलावून पुन्हा दोरी ओढायला लागले.

त्यांच्या मुलीच्या लग्नात सेलूहून फोटोवाला आला होता. बायकोने फार म्हटलं, एक फोटो काढून घ्या. ते बसले नाहीत. "मले काय करा लागते फोटो? मी देवळात आहो न, देवापाशी," असं म्हणून त्यांनी विषय हसण्यावारी नेला. हे मला माझ्या वडिलांनी सांगितलं. ते मला तेव्हा गमतीचं वाटलं. त्यातलं खरं मला दिसलं नाही. अंगाने तो माणूस जन्मभर मधल्या पायरीवर राहिला, पण चित्रात, त्या रंगवलेल्या पायरीसकट, तो मंडपाच्या आत होता.

ऐंशीनंतर दोनेक वर्षांत ते वारले. काविळीचं निमित्त झालं. त्यांची ढोलकी काही दिवस दुसऱ्या गावच्या माणसाने वाजवली, मग मंडळाने तबला आणला. त्यांची बायको दर शनिवारी देवळाशी यायची. खालच्या पायरीपाशी उभी राहायची, मान जराशी तिरपी करायची, म्हणजे तिथून भिंतीचं उजवं टोक दिसायचं. थोडा वेळ बघायची आणि जायची. तिच्याजवळ नवऱ्याचं दुसरं काही चित्र नव्हतं, फोटो नव्हता, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मलाही होतं. पुढचं जे सांगतो आहे ते हे सगळं माहीत असताना मी केलं.

देवळाला लागून महाप्रसादाच्या स्वयंपाकाची खोली बांधायचं ठरलं. खोली नेमकी त्या भिंतीच्या मागे. मंडपातून तिकडे जायला दार पाहिजे. गवंडी म्हणाला, भिंत डाव्या टोकाला फोडू किंवा उजव्या टोकाला फोडू, मला दोन्ही सारखं. मधे फोडायचा प्रश्नच नव्हता; मधे बुवा होते, आणि बुवा जिवंत असून पंचात होते.

एका शनिवारी माझ्यासाठी थांबून सभा घेतली. सगळे मंडपात बसले. वडील खांबाला टेकून होते. बुवा म्हणाले, "मास्तर, तुमाले चित्रातलं समजते. तुमीच सांगा, कोन्या बाजूनं फोडाचं."

डावीकडून फोडलं तर माझे वडील जाणार होते, उजवीकडून फोडलं तर ढोलकीवाले.

मी एवढंच म्हणालो असतो की माझा बाप आहे, त्याला राहू द्या, तर ते निदान माणसासारखं झालं असतं. कोणी हसलं असतं, कोणी चिडलं असतं, वाद झाला असता. पण मला शिकलेल्या माणसासारखं बोलायचं होतं. मी खिशातून खडू काढला. सहा जणांच्या डोक्यांवरून भिंतीवर एक सरळ रेघ ओढली. गुडघ्यांखालून दुसरी ओढली. म्हणालो, "पाहा, हे चित्र इथे पूर्ण होते. हा सातवा दोन्ही रेघांच्या बाहेर आहे. त्याच्यात आणि बाकीच्यांत दीड हात जागा रिकामी आहे. म्हणजे तो मुळात या गटात बसतच नाही. तो गेला तर चित्र बिघडणार नाही, उलट सुधारेल."

मग बुवा म्हणाले, "शास्त्रच आहे म्हनल्यावर काय बोलाचं." आणि भराभर माना हलल्या. मला तेव्हा वाटलं, लोकांना पटलं. आता वाटतं, लोकांना सुटल्यासारखं झालं. बुवांना, टाळकऱ्यांना, कोणालाही आपल्या तोंडाने म्हणावं लागलं नाही की त्या पायरीवरच्या माणसाला काढा. मी ते त्यांच्या वतीने, फार सभ्य शब्दांत म्हणून दिलं होतं. गावाने ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पायरीवर बसवलं, तो पायरीवर बसतो म्हणून रचनेच्या बाहेर आहे, असं मी खडूने सिद्ध करून दाखवलं.

त्या दिवशी शनिवार होता. खालच्या पायरीशी ढोलकीवाल्यांची बायको उभी होती. माझं बोलणं संपल्यावर ती दिसली मला. तिने पदर नीट केला आणि निघून गेली. मी हाताचा खडू पँटला पुसला.

भिंत फोडली तो दिवस कामाचा होता, मी वर्ध्याला शाळेत होतो. पुढच्या शनिवारी गावी आलो आणि संध्याकाळी देवळात गेलो. दाराला हिरवी चौकट बसली होती. भजन सुरू होतं. मी समोरच्या बाजूला बसलो आणि चित्राकडे पाहिलं.

सहाही जण त्या दाराकडे बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीतून एक बाई परात घेऊन दारात आली. भिंतीवरचे सहा जण एकटक तिच्याकडे बघताहेत असं दिसलं. पोरं हसली. बाईसुद्धा हसली. मी मात्र हसलो नाही. कारण मी खाली बसलेल्या जिवंत भजनकऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यातले जुने तिघे-चौघे अजूनही तसेच बसले होते: देवाकडे अर्धी पाठ करून, पायऱ्यांकडे तोंड करून. तबलजी त्यांच्या मधे बसलेला असूनसुद्धा. तीस वर्षांची सवय होती ती. ठेका ज्याच्या हातात, त्याच्या हाताकडे बघितल्याशिवाय गाणाऱ्याला उचल घेता येत नाही. आणि तो हात पायरीवर होता, म्हणून सगळं मंडळ मारुतीला सोडून पायरीकडे वळून बसायचं. मी लहानपणापासून हे बघत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

पेंटरला दोन शनिवारांत दिसलं. त्याला एकाच बाजूचं तोंड काढता येत होतं असं नव्हे. त्याने सगळ्यांची तोंडं जिकडे होती तिकडेच काढली होती. एकतारीचा दांडा तिरपा होता, तो उजवीकडे खाली उतरत होता. टाळकऱ्यांचे कोपर, बुवांचा पुढे केलेला तळवा, वडिलांची वळलेली मान, सगळ्या रेघा उतरत उतरत त्या खालच्या हातापाशी जात होत्या. मोकळी जागा निरर्थक नव्हती. गावाने ठेवलेलं अंतर होतं ते. त्याने ते अंतर खोटं करून मिटवलं नाही, माणसाला वर उचलून बसवलं नाही. अंतर जसंच्या तसं दाखवलं, आणि त्याच्या पलीकडे चित्राचा मालक बसवला. मी मात्र वरची रेघ आणि खालची रेघ ओढून मोजमाप करत बसलो होतो.

घरी जाताना वडिलांना म्हणालो, "बाबा, चुकलंच माह्यं."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "मले काढलं असतं त चाललं असतं, बापू. पेटी नसली तरी भजन होते. ढोलकी नसली त मंग बसा गोष्टी करत."

"मंग सभेत काऊन नाई बोलले?"

"तू चार लोकांत बोलून राह्यला होता. पोराचं बोलनं कसं खाली पाडू?"

त्यांच्यावर रागावण्याचा मला काही हक्क नव्हता, तरी रागावलो. दोन दिवस धड बोललो नाही त्यांच्याशी.

नंतरच्या शनिवारी ढोलकीवाल्यांची बायको आमच्या अंगणात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. मी मनात पुष्कळ काही बोलायचं ठरवलेलं. पण आधी तीच बोलली. तिने भांडण काढलं नाही. म्हणाली, "मास्तर, तुमाले त चित्र काढता येते. त्याइचं एक काढून द्या मले. लहानसं द्या. घरात लावतो."

दुसऱ्या दिवशी बोर्ड आणि चांगला जाड कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. ओसरीत बसलो. भिंतीला नवऱ्याची हत्यारं तशीच अडकवलेली होती. मी आधी हात काढायला घेतले. ते मला येत होते. डावा पंजा पसरट, उजव्या हाताची बोटं जराशी वाकलेली, अंगठ्याजवळ चामड्याच्या कामाने आलेला घट्टा. ढोलकीच्या दोऱ्या, कड्या, सगळं जमलं. ती जवळ येऊन बसली. "हे त त्याइचेच हात हायेत," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. मला त्या वेळी किती बरं वाटलं हे सांगायला लाज वाटते.

मग मी चेहऱ्यावर आलो आणि थांबलो.

चेहरा आठवेना. वीस वर्षं त्या माणसाला दर शनिवारी पाहिलं होतं. भिंतीवरचं त्यांचं चित्र तर मला पाठ होतं: डोक्याचा गोल किती, मान किती अंशात झुकलेली, सावली कुठल्या रंगाची. पण डोळे कसे होते? हनुवटी? मी कागदाकडे बघत बसलो. शेवटी तिलाच विचारलं, "मावशी, नाक कसं होतं?"

"नाकासारखं नाक होतं," ती म्हणाली. तिचाही इलाज नव्हता. "सावळे होते. हसले की डोये बारीक व्हायचे."

"मिशी होती?"

"कधी ठेवत, कधी नाई."

मी काढत गेलो. डोळे बारीक केले, गाल ओढले, कपाळावर आठ्या घातल्या. खोडलं, पुन्हा काढलं. दुपार उतरली. शेवटी एक चेहरा उभा राहिला, जिवंत वाटला, आणि मी बोर्ड तिच्याकडे वळवला.

तिने बराच वेळ बघितलं. मग अगदी सावकाश, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "मास्तर, हे तुमचे बाबा हायेत."

मी कागद माझ्याकडे फिरवून पाहिला. माझे वडीलच होते. ते पेटीवर मान वळवून बघायचे तसे. भिंतीवर मी त्यांना राखलं होतं, आणि आता दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खांद्यांवरही त्यांनाच आणून बसवलं होतं.

"थांबा, दुसरं काढतो," मी म्हणालो.

"राहू द्या. तुमाले आठवत नाई, त कोठून आनसान?" ती म्हणाली. "पन मले हे असं घरात लावता येत नाई. लोक काय म्हनतीन?"

ती उठली. भिंतीवरची नवऱ्याची रापी काढून आणली, तीच जिने ते चामडं कापायचे. कागद तिने फरशीवर पसरला, एका हाताने घट्ट दाबून धरला, आणि गळ्याखालून, रेघ न मारता, सरळ कापला. हात आणि ढोलकी असलेला तुकडा तिने आपल्याकडे ठेवला. दुसरा उचलून माझ्या हातात दिला.

"हे तुमचं तुमी घेऊन जा," ती म्हणाली.